मॅक की विंडोज? अंध गायिकेला रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर सुचवा

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली, जन्मापासून अंध. पेटीच्या शिकवण्या घेते, भजनं गाते, आणि श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशातली देवी) गाण्यांना आजूबाजूच्या गावांतून बोलावणं असतं. आजवर फोनवरच रेकॉर्डिंग केलं, टॉकबॅकवर (फोनच्या स्क्रीनवरचं बोलून दाखवतं ते) हात बसलेला आहे. पण फोनवर गळा, पेटी, ढोलकी सगळं एकाच फायलीत. ढोलकी वर गेली की गेली, नंतर काही करता येत नाही. मला प्रत्येक वाद्य वेगळं घ्यायचंय आणि मिक्सिंगही स्वतःच करायचंय. "हे जरा खाली घे, ते जरा मागे ढकल" असं सांगून सांगून भाचाही कंटाळला आणि मीही.

बजेट ६० हजार, माइक वगैरे धरून. भाच्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए (विंडोजची स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरलंय, पत्र-अर्ज लिहिण्यापुरतं. एक जण म्हणतो अंधांसाठी मॅकच. दुसरा म्हणतो मॅक बिघडला तर अमळनेरात कोणाच्या दारात जाशील? एका दुकानात विचारायला गेले तर दुकानदार माझ्याशी न बोलता भाच्यालाच विचारतोय, "यांना कशाला हवाय?"

ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं.

जिभाऊ
ताई, सांगी देवानं ना त्याले, कॅरम खेळाले लागस!

चाळीसगावकर
ताई, मीही पूर्ण अंध. नोकरी बँकेत, पण रात्री जेवणं झाली की रीपर (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडून बसतो. माझं मत सरळ आहे: आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग ते वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, आणि शेवटी यंत्र. दुकानात गेलं की लोक उलटीकडून सुरुवात करतात.

सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या. विंडोजवर चालतं, मॅकवरही. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काहीही कुलूपबंद नसतं. पुढे घरगुती किंवा छोट्या कामासाठीचं लायसन्स ६० डॉलरला, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. नुसतं रीपर स्क्रीन रीडरशी फारसं बोलत नाही. त्याला ओसारा नावाचं मोफत एक्स्टेन्शन जोडायचं, मग ते घडाघडा बोलायला लागतं. वर-खाली बाण दाबले की ट्रॅकचं नाव सांगतं, म्यूट (बंद) आहे का, सोलो (तो एकटाच वाजणारा) आहे का, रेकॉर्डसाठी तयार आहे का, सगळं. कंट्रोल टी ने नवा ट्रॅक, एफ ७ ने तो रेकॉर्डसाठी आर्म करायचा, कंट्रोल आर ने रेकॉर्डिंग सुरू, स्पेसने थांबवायचं. एफ १२ दाबलं की शॉर्टकटची मदत चालू होते. मग जी कळ दाबाल ती काय करते एवढंच सांगतं, प्रत्यक्षात काही करत नाही. सुरुवातीचा पूर्ण आठवडा मी एफ १२ मध्येच काढला.

ओसारा लिहिणारे जेम्स टेह स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएचं काम ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये मायकेल करन यांनी सुरू केलं, टेह त्यांचे जोडीदार. दोघंही अंध. गरज स्वतःची होती म्हणून बारकावे बरोबर पकडलेत. तर काहीही विकत घ्यायच्या आधी भाच्याच्या लॅपटॉपवर रीपर आणि ओसारा टाका आणि एक भजन तीन ट्रॅकवर करून बघा.

पुणेरी_खान्देशी
एवढा खटाटोप कशाला? ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, एनव्हीडीएबरोबर चालतं. जुना लॅपटॉप १५ हजारात मिळेल, त्यावर टाका. उरलेल्या पैशांचा चांगला माइक घ्या.

चाळीसगावकर
@पुणेरी_खान्देशी, एक ट्रॅक कापायचा, खरखर काढायची, तर ऑडॅसिटीला नावं ठेवणार नाही. मीही तिथूनच आलो. पण ताईंना दहा ट्रॅकचं मिक्सिंग करायचंय, प्रत्येकाचा इक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल) वेगळा, रिव्हर्ब (घुमारा) वेगळा, आवाजाची पातळी ओळीओळीला बदलणारी. तिथे रीपरच सोयीचं पडतं.

जुन्याबद्दलही एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. १५ हजारात मिळणारे बरेच लॅपटॉप त्याच्या आधीच्या पिढ्यांचे असतात.

सफरचंद_जळगाव
मॅकची बाजू मांडणारं कोणी दिसत नाही, म्हणून लिहिते. मला उजेड-अंधार इतकंच कळतं. एम १ चिपचा मॅकबुक एअर वापरते. पहिलं सुख म्हणजे त्यात पंखाच नाही. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा विंडोजवाल्यांचे लॅपटॉप हेअर ड्रायरसारखे घोंघावतात आणि तो आवाज माइकमध्ये उतरतो. माझा एअर चिडीचूप.

दुसरं, खोक्यातून काढून चालू केला की कमांड एफ ५, मॅकचा स्वतःचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर बोलायला लागतो. कोणाची मदत नको. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर २००५ पासून आहे. रेकॉर्डिंगला अॅपलचं गॅरेजबँड फुकट, आणि पुढे त्यांचंच मोठं लॉजिक प्रो घ्यायचं तर तेही व्हॉइसओव्हरने व्यवस्थित चालतं. जुना एम १ बजेटात बसतो. फक्त इंटेलवाला जुना मॅक अजिबात घेऊ नका, अॅपल त्यांना नवीन मॅकओएस देणं बंद करतंय.

खटपट्या_धुळे
मी दिसणारा, दुरुस्तीवाला. विंडोजवाल्यांच्या बाजूने एक: कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर बोलतो. नव्या मशीनचा विंडोजचा सेटअपसुद्धा त्याने एकट्याने करता येतो. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग, मात्र बोलत नाही. तिथे डोळसच लागतो, किंवा फोनवर व्हिडिओ कॉल.

मॅकबद्दल इतकंच की त्यात रॅम सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतला तर ८ जीबीच. धुळ्यात माझ्याकडे मॅक आला की मी हात जोडतो, पुढे नाशिक-मुंबई. विंडोजचा कीबोर्ड गेला, बॅटरी गेली, एसएसडी गेली, तर माल आला की त्याच दिवशी मशीन परत देतो.

सफरचंद_जळगाव
@खटपट्या_धुळे दादा, मुद्दा कबूल. पण माझा इतक्या वर्षांत बिघडलाच नाही, मग तुमच्याकडे येऊ कशी?

जिभाऊ
आता मॅकवाले विरुद्ध विंडोजवाले सुरू. हिरव्या वांग्याचं भरीत की काळ्या वांग्याचं, तोही धागा असाच दोनशे प्रतिसाद गेला होता.

निशा_भुसावळ
त्यात वाद काय, भरीत हिरव्याचंच. आणि तेही काड्यांवर भाजलेलं, गॅसवरचं नाही.

विषयावर: मी बारावीला आहे, अंध. घर रेल्वे लाइनीला लागून. गाडी गेली की टेक (चालू रेकॉर्डिंग) गेला. कोणाला उपाय माहीत आहे का?

तापीपार
@निशा_भुसावळ, गाड्यांचं टाइमटेबल पाठ कर, दुसरा उपाय नाही. :)

मी दिसणारा, शहाद्याजवळ छोटा स्टुडिओ चालवतो. अहिराणी गाणी, लग्नाची गाणी, पावरीवाले, डफवाले सगळे येतात. बोरीकाठ ताई, कॉम्प्युटरवर ६० पैकी ५० हजार घालवू नका. श्रोत्याला तुमचा लॅपटॉप ऐकू येत नाही. माइक आणि खोली ऐकू येते. तुमच्याकडे धाब्याचं घर असेल तर नशीबवान आहात. जाड मातीच्या भिंती, मातीचं छत, आवाज घुमत नाही आणि बाहेरचाही कमी येतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत गात असाल तर मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा. खोली साधी आणि कूलर-पंख्याचा त्रास असेल तर कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक घ्या. तोंडाजवळ धरायचा, लांबचं कमी पकडतो.

मशीनचा वेग किती हवा असं लोक विचारतात. आवाज हवेतून एक मीटर यायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. रीपरमध्ये ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाज साठवून पुढे द्यायचा तुकडा) ठेवला तर एका बाजूची दिरंगाई २.७ मिलिसेकंद. ड्रायव्हर वगैरे धरून जास्त होते, पण समोर बसलेल्या पेटीवाल्याचा आवाज जितका उशिरा येतो त्याच घरातली गोष्ट. आणि गाणाऱ्याला तर तीही अडचण नाही. बहुतेक इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी) डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, स्वतःचा गळा कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो. वेगवान मशीन लागतं ते कीबोर्डवर सॉफ्टवेअरची वाद्यं वाजवणाऱ्याला.

चाळीसगावकर
तापीपार दादांशी सहमत, एक सोडून. अंध माणसाला मशीनवर थोडा जास्त खर्च करावाच लागतो, कारण त्यावर रीपरबरोबर स्क्रीन रीडरही सतत पळत असतो. मशीन दमलं की पहिल्यांदा त्याचं बोलणं अडखळतं. डोळस माणसाला संथ मशीनवर निदान स्क्रीन दिसते, आपल्याला नुसती शांतता. १६ जीबी रॅम आणि एसएसडी यात तडजोड नको.

वाचनमात्र
बऱ्याच दिवसांनी लॉगइन केलं. माफ करा, पण इतका त्रास घेण्यापेक्षा एखादा डोळस मुलगा ठेवला तर? लेव्हलचे दिवे वगैरे बघून सांगेल. बिचाऱ्या ताईंचा वेळ वाचेल.

बोरीकाठ
@वाचनमात्र दादा, बिचारी ताई वेळ वाचवून करणार काय? गाणंच करणार ना. ते मुलगा ठेवण्याचं आठ वर्षांपासून चालूच आहे, त्याचं नाव भाचा.

पण दिव्यांचा मुद्दा खरा आहे. आवाज फाटतोय हे मला ऐकू येतं, पण फाटून झाल्यावर. आधी कसं कळायचं?

चाळीसगावकर
ओसारात पीक वॉचर आहे. एखाद्या ट्रॅकची पातळी ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की तो बोलतो, आणि आतापर्यंतचं शिखर किती तेही विचारता येतं. शिवाय २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरातली ओळ उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा. नंतर वाढवायला भरपूर जागा उरते. कानबाईच्या गाण्यात कोरसवाल्या बायका रंगात आल्या की कुठवर चढतील याचा नेम नाही.

इंटरफेस घेताना गेनची गोल घुंडी हाताला लागली पाहिजे. ४८ व्होल्टचा (कंडेन्सर माइकला वीज देणारा) स्विच खाली-वर होणारा हवा, बोटाला स्थिती कळणारा. नुसता दिवा पेटणारा सपाट बटणवाला किंवा सगळं अॅपमधून चालणारा इंटरफेस नको.

तापीपार
आणि किती जण एकदम गाणार? दोन इनपुटच्या इंटरफेसवर दोनच माइक. आधी पेटी, मग ढोलकी, मग गळा असं एकावर एक चढवणार असाल तर दोन पुरेत.

बोरीकाठ
भजनं एकावर एक चढवता येतील. कानबाईची गाणी नाही होणार. बायका एकमेकींच्या तोंडाकडे, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवून म्हणतात. लय मध्येच चढते. हेडफोनमध्ये टिकटिक ऐकत म्हणा सांगितलं तर उठून घरी जातील.

तापीपार
बरोबर बोललात. त्या गाण्यांना ती टिकटिक, म्हणजे क्लिक, लावूच नये. एक माइक बायकांच्या मधोमध, एक तुमच्या तोंडाशी, बस. वही (आपल्याकडचा लोकगीताचा प्रकार) म्हणणाऱ्यांचंही मी असंच करतो. क्लिकवर म्हटलेली वही एकदा ऐकली होती, तिच्यात जीवच उरला नव्हता.

पुणेरी_खान्देशी
हे मात्र पटलं. पण धागा कॉम्प्युटरचा होता ना?

खटपट्या_धुळे
आलोच. विंडोज घ्यायचा ठरला तर दुकानात बोटांनी तपासायच्या गोष्टी सांगतो. या जाहिरातीत कधी नसतात.

नंबर पॅड असलेला कीबोर्ड घ्या, १५.६ इंचीला बहुतेक मिळतो. एनव्हीडीएचं वाचन त्यावर सोपं जातं. एफ ओळ थेट चालते का बघा. हल्ली एफ ७ दाबलं की भलतंच काही होतं, एफएन लॉक करावं लागतं. नव्या काही लॅपटॉपात उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनू कळीच्या जागी कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची कळ बसवलीय. तिच्यावर बोट गेलं की नको ते उघडतं. मेनूसाठी शिफ्ट एफ १० चालतं, तरी ती जागा आधी माहीत हवी. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप स्वस्तात दाखवतील, पण तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर त्यावर आहे याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. टचस्क्रीनचे जास्तीचे पैसे तर देऊच नका.

आणि डेस्कटॉप नको. लाइट गेली की टेक गेला. शिवाय गावाकडे अर्थिंगची बोंब. चार्जर लावला की गुंऽऽ असा हम येतो. लॅपटॉप बॅटरीवर टाका, हम गायब.

सफरचंद_जळगाव
एम ४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० ला आला होता, १६ जीबीचा. अंध माणसाला स्क्रीन लागतच नाही म्हणून मी त्याचा विचार केला होता. लाइटचं गणित जमेना म्हणून सोडला.

निशा_भुसावळ
स्क्रीनवरून आठवलं. एनव्हीडीएत आणि व्हॉइसओव्हरमध्येही स्क्रीन कर्टन असतो, स्क्रीन काळी करून टाकतो. मी तो लावून गाणं एडिट करत होते. आजीने बंद समजून लॅपटॉपचं झाकण लावलं आणि वर धुतलेले कपडे ठेवले.

जिभाऊ
आजी बरोबर व्हती.

बोरीकाठ
मंडळी, परत आले. चाळीसगावकर भाऊंचं ऐकून भाच्याच्या लॅपटॉपवर रीपर आणि ओसारा टाकलं. एक अभंग केला: पेटी, टाळ, गळा. तीन वेगळे ट्रॅक! पेटी माझ्या हाताने मी खाली घेतली, कोणाला न सांगता. आनंद काय सांगू.

पण रेकॉर्डिंगमध्ये अंतऱ्याच्या अगदी तोंडाशी बाई इंग्रजीत बोलतेय. एनव्हीडीए! माझ्या मागे कोरसला बसलीय. शिवाय भाच्याच्या मित्राचा इंटरफेस जोडला तेव्हा मध्येच एनव्हीडीए मुकंच झालं. लॅपटॉप बंद पडला की मी काही बिघडवलं तेही कळेना.

जिभाऊ
तिले मानधन द्यावं लागी आते.

चाळीसगावकर
हाहा, सगळ्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ती असते.

दोन्हीला औषध एकच: एनव्हीडीएचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगळ्या वाटेने काढा. रीपरला इंटरफेस द्या. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड निवडा. काही इंटरफेसवर रीपरने ताबा घेतला की विंडोजचा बाकी आवाज बंद पडतो, त्यात एनव्हीडीएही गप्प. म्हणून ते दोघे एका घरात नकोच. मग लॅपटॉपच्या जॅकला साधा इअरफोन, तो एका कानात. इंटरफेसला मोठा बंद कपांचा हेडफोन, त्यावरून. उघड्या कपांचा घेऊ नका, त्यातून आवाज गळतो आणि माइक पकडतो. ब्लूटूथ रेकॉर्डिंगला अजिबात नाही, उशीर फार.

म्हणून लॅपटॉपला हेडफोन जॅक असणं ही आपल्यासाठी चैन नाही.

सफरचंद_जळगाव
मॅकवरही हेच. व्हॉइसओव्हर युटिलिटीत साउंडमध्ये जाऊन त्याचं आउटपुट वेगळं करता येतं. माझा सेटअप नेमका असाच आहे.

आणि ताई, खरं सांगू? तुम्हाला एनव्हीडीए येतंय, आणि त्यावर एक अभंगही झाला. आता मॅकसाठी हट्ट करणार नाही. व्हॉइसओव्हरची चालण्याची पद्धत वेगळी, आत शिरा, बाहेर या असं चालतं, आणि कधी कधी "बिझी, बिझी" म्हणत बसतो. लॉजिकच हवं असेल तर मॅकला पर्याय नाही. रीपर हवं असेल तर दोन्हीकडे तेच.

पुणेरी_खान्देशी
अरे, मॅकवाल्याने माघार घेतली! धागा वाचनखुणेत टाकतोय.

सफरचंद_जळगाव
वाली. आणि माघार नाही, तह.

निशा_भुसावळ
बोरीकाठ ताई, ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीची चौकशी करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागेल. आमच्या वॉर्डातल्या एका दादांना त्यातून मदत मिळाली. वेळ लागतो, पण अर्ज तरी द्या.

बोरीकाठ
अर्ज देते. तोवर ठरवलंय ते असं: नवा विंडोज लॅपटॉप, १५.६ इंची, नंबर पॅड, १६ जीबी, हेडफोन जॅक. तो ४२-४५ हजारात बसवायचा. दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, बंद कपांचा हेडफोन उरलेल्यात. दुसरा माइक कानबाईच्या आधी. रीपरचे ६० दिवस भाच्याकडे सुरू आहेतच. खटपट्या दादा, दुकानात बोटं फिरवायला भाच्याला नाही, मीच जाणार. दुकानदाराने पुन्हा त्याच्याकडे तोंड करून विचारलं तर जिभाऊंचं उत्तर तयार आहे.

एक शेवटचं. मित्राच्या इंटरफेसवर ४८ व्होल्ट चालू राहिलेलं असेल आणि मी त्याला डायनॅमिक माइक जोडला तर काही बिघडतं का?

तापीपार
साध्या डायनॅमिक माइकला नीट एक्सएलआर केबलने जोडला तर काही होत नाही. तरी सवय अशी लावा: आधी ४८ बंद, गेनची घुंडी पूर्ण डावीकडे, मग माइक जोडायचा, मग हेडफोन कानाला. उलटं केलं तर कानात ठाप्पकन फटाका फुटतो, आणि आपलं सगळं काम कानांवरच.

जिभाऊ
ताई, तुमना आवाज आम्ही ऐकेल शे. अभंग टाका आठे. त्या इंग्रजी बाईसकट टाका.